खोट्या आरोपाच्या सत्यघटनेवर पटकथा: कागद कुठून मिळवायचे, परवानगी कोणाची, कोर्टाची दृश्यं कशी लिहायची

कोरीपाटी

सत्यघटनेवर आधारित मराठी चित्रपटाची पटकथा लिहायची आहे, लांबी साधारण १३० मिनिटं. खटला महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यातला. २००४ मध्ये खून, आठवड्याभरात एका तरुणाला अटक, २००७ मध्ये सत्र न्यायालयाकडून जन्मठेप, २०१३ मध्ये उच्च न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता. पुरावा म्हणजे एक प्रत्यक्षदर्शी, ओळख परेड (रांगेतल्या माणसांतून साक्षीदाराने आरोपीला ओळखणं), आरोपीने काढून दिलेला चाकू आणि रक्ताचे डाग असलेला शर्ट. खरा गुन्हेगार सापडलेला नाही.

हातात फक्त उच्च न्यायालयाचा निकाल आहे. बाकीची कागदपत्रं कशी मिळतील? ज्याच्यावर आरोप झाला त्याची परवानगी कायद्याने लागते का, आणि त्याच्याशी करार कसा करावा? कोर्टाची दृश्यं नेहमी कुठे फसतात? नऊ वर्षं दोन तासांत बसवताना काय बदललेलं चालतं आणि काय नाही?

दप्तरदार

आधी निकाल अंतिम आहे का ते तपासा. उच्च न्यायालयाने सोडलं म्हणजे प्रकरण संपलं असं नसतं, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं. मुंबईतल्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना सोडलं आणि २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागलं नाही, पण प्रकरण जिवंत राहिलं. तुमच्या खटल्यात अपील झालं होतं का, ते सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं.

आता कागद. सगळ्यात पूर्ण संच सहसा सुटलेल्या माणसाकडे किंवा त्याच्या वकिलाकडे असतो. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट द्यावी लागते. फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, साक्षीदारांचे पोलिसांनी घेतलेले जबाब हे सगळं त्यात येतं. अपिलासाठी जे पेपर बुक तयार होतं त्यात सत्र न्यायालयातल्या साक्षी, निशाणी (न्यायालयाने दिलेला पुरावा क्रमांक) पडलेले दस्तऐवज आणि सत्र न्यायालयाचा निकाल असतो. ते मिळालं तर निम्मं काम झालं.

तिथे नाही मिळालं तर ज्या सत्र न्यायालयात खटला चालला तिथे नकलेचा अर्ज करा. अपिलाचा निकाल लागल्यावर मूळ रेकॉर्ड तिकडेच परत जातं. तुम्ही त्रयस्थ आहात, म्हणून अर्जात कारण द्यावं लागेल, प्रतिज्ञापत्र जोडावं लागेल आणि परवानगी न्यायालयाच्या मर्जीवर राहील. उशीर करू नका. निकाल अंतिम झाल्यावर ठराविक मुदतीनंतर दप्तर टप्प्याटप्प्याने नष्ट केलं जातं आणि २०१३ ला बराच काळ लोटला आहे.

एक कागद लोक मागायचा विसरतात, तो म्हणजे रोजनामा. प्रत्येक तारखेला काय झालं याची त्यात दोन-तीन ओळींची नोंद असते: आरोपी हजर केला नाही, साक्षीदार गैरहजर, सरकारी वकिलांचा मुदतीचा अर्ज, पुढील तारीख अमुक. अटक ते निकाल ही तीन वर्षं कशात गेली ते रोजनाम्याइतकं स्पष्ट दुसरा कोणताही कागद सांगत नाही.

वाचक_०७

माहिती अधिकारात अर्ज टाकला तर सोपं पडणार नाही का?

दप्तरदार

न्यायालयीन रेकॉर्डसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निकालात (गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात) सांगितलं आहे की न्यायालयीन कागदांच्या नकला त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, माहिती अधिकारातून नाही. पोलिसांची केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंदवही, तर आरोपीलाही पाहायला मिळत नाही, तिचा नाद सोडा. एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सप्टेंबर २०१६ चा आहे, त्यामुळे २००४ ची फिर्याद तिथे सापडेल अशी अपेक्षा नको.

निशाणी_तीन

पटकथेचा कणा इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. खोट्या आरोपाच्या चित्रपटात बहुतेक वेळा एक दुष्ट इन्स्पेक्टर आणि एक मारहाणीचं दृश्य एवढ्यावर सगळं भागवतात. मारहाण होत नाही असं मी म्हणत नाही. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालतच नाही, त्यामुळे निव्वळ कबुलीवर माणसाला जन्मठेप होत नाही. त्याला आत अडकवतात ते पंचनामे आणि ओळख परेड. चूक कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेला झाली ते दाखवलंत तर प्रेक्षकाला कळेल की हे कोणाच्याही बाबतीत कसं होऊ शकतं.

तुमचा चाकू बघा. आरोपी कोठडीत असताना म्हणतो, ‘मी चाकू अमुक ठिकाणी लपवला आहे, काढून देतो.’ दोन पंच बोलावले जातात. त्यांच्यासमोर हे निवेदन लिहितात, तो मेमोरॅन्डम पंचनामा. मग आरोपी, पंच आणि पोलीस एका गाडीतून निघतात, आरोपी रस्ता दाखवतो, वस्तू काढून देतो, तिथे जप्ती पंचनामा होतो. वस्तू कागदात गुंडाळून तिच्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल आणि लाखेची मोहोर लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली त्या निवेदनातला फक्त शोधाशी थेट संबंध असलेला भाग ग्राह्य धरतात. ‘चाकू लपवला आहे, काढून देतो’ हे चालतं, ‘त्याच चाकूने मारलं’ हे चालत नाही. ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात आखलेली ही रेघ आजही पाळली जाते.

हे फसतं ते असं. दोन्ही पंच पोलिसांच्या नेहमीच्या उठबशीतले, आणि उलटतपासणीत निघतं की ते आणखी पाच-सहा खटल्यांत पंच आहेत. जागा उघडी, कोणीही येऊन जाईल अशी. पोलिसांना ती जागा आधीच माहीत होती, मग शोध कसला लागला? मोहोर लावल्याची नोंदच नाही. जप्त शर्ट रासायनिक विश्लेषणासाठी तीन आठवड्यांनी गेला आणि मधल्या काळात तो कोणाच्या ताब्यात होता ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या काळातल्या अहवालांत बरेचदा फक्त रक्तगट असे. मृत आणि आरोपी दोघांचाही रक्तगट एकच निघाला, किंवा शेरा ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा आला, तर तो डाग काहीच सिद्ध करत नाही. तरी दोषारोपपत्रात तो ठळकपणे येतो. तुमच्या निकालात शर्टाबद्दलचा परिच्छेद नीट वाचा, यांपैकी एखादी गोष्ट तिथे असण्याची शक्यता मोठी आहे.

ओळख परेड पोलीस घेत नाहीत. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, बहुतेक वेळा कारागृहात घेतात आणि त्या वेळी पोलिसांनी तिथे असायचं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे (फौजदारी कामकाजाची नियमपुस्तिका) आरोपी एक असेल तर रांगेत किमान सहा जण, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये सहसा दोनहून जास्त आरोपी नसावेत. ही माणसं वयाने, अंगकाठीने, दिसण्याने आरोपीशी मिळतीजुळती हवीत. आरोपीला रांगेतली जागा स्वतः निवडू देतात, कपडे बदलायची मुभा देतात. अटकेपासून परेडपर्यंत त्याचा चेहरा झाकून ठेवायचा आणि तशी लेखी नोंद करायची असते.

घोळ इथेच होतो. साक्षीदाराला चौकशीला बोलावलं आणि आरोपी तिथेच बाकावर बसलेला होता. किंवा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. किंवा रांगेत सगळे चाळिशीचे आणि दाढीवाला तरुण एकटाच. किंवा परेड अटकेनंतर दोन महिन्यांनी झाली आणि उशिराचं कारण कोणी लिहिलंच नाही. साक्षीदार बाई खोटं बोलत असेलच असं नाही, तिने खरोखर त्याला ‘पाहिलेलं’ असतं, फक्त घटनेच्या रात्री नाही. ही अभिनेत्रीसाठी फार मोठी भूमिका आहे. कृपा करून तिला विकली गेलेली साक्षीदार करू नका.

याहून भयंकर शक्यता महाराष्ट्रातच घडून गेली आहे. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठरवली होती: तिघांची कायम केली, उरलेल्या तिघांची जन्मठेप फाशीत बदलली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. तो निकाल वाचा. एक कागद बाजूला ठेवल्याने काय होतं ते त्यात दिसतं.

कोरीपाटी

फार उपयोगी. निकालात परेड अटकेनंतर ४७ दिवसांनी झाल्याचा उल्लेख आहे. नाट्याच्या सोयीसाठी ती अटकेच्या दुसऱ्या आठवड्यात आणली तर चालेल का?

निशाणी_तीन

नाही, मुळीच नाही. त्या ४७ दिवसांमुळेच कदाचित तो माणूस सुटला आहे. ज्या तारखेवर न्यायालयाचं कारण उभं आहे तिला हात लावायचा नाही. बाकी कोणतीही तारीख सरकवा.

उलटतपासणी

कोर्टाच्या दृश्यांबद्दल. आपल्या न्यायालयात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. लाल कापडात गुंडाळलेल्या ग्रंथावर हात ठेवून शपथही होत नाही, १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार तोंडी शपथ किंवा प्रतिज्ञा घेतो. ज्यूरी नाही. आरोपी पिंजऱ्यात, बरोबर कैदी पार्टीचे, म्हणजे कैद्यांची ने-आण करणारे पोलीस. नावाचा पुकारा पट्टेवाला करतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरकारी वकील आरोपीला साक्षीदाराच्या जागी उभं करून फैलावर घेतो, तो ढसाढसा रडतो. असं होत नाही. आरोपीने स्वतः लेखी मागणी केली तरच तो बचावाचा साक्षीदार होऊ शकतो, आणि असं क्वचितच घडतं. एरवी सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली प्रश्न विचारतात, शपथेशिवाय. ‘साक्षीदार क्रमांक चार म्हणतो की तुम्ही चाकू काढून दिला, याबद्दल काय सांगायचं आहे?’ आणि शंभरात नव्वद वेळा उत्तर असतं ‘खोटं आहे’ किंवा ‘मला माहीत नाही’. तीन वर्षं थांबून माणसाला बोलायची संधी मिळते आणि त्याच्या तोंडून तीन शब्द निघतात. हे दृश्य छापील प्रश्नावलीसकट जसंच्या तसं घ्या, त्याला भाषणाची गरज नाही.

साक्ष वेगाने होत नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतात, मग लघुलेखकाला मजकूर सांगतात, तो टंकतो. प्रत्येक उत्तरानंतर थांबा येतो. माणूस म्हणाला ‘अंधार होता पण चांदणं होतं’ आणि कागदावर आलं ‘पुरेसा उजेड होता’, असा फरक याच थांब्यात घडतो. संवादलेखकाला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच मनाई आहे. कितीतरी चित्रपटांत ‘ही सही तुमचीच ना?’ असा जोरदार क्षण असतो, तो चुकीचा आहे. सही असते ती दंडाधिकाऱ्यांपुढच्या, त्याच संहितेच्या कलम १६४ च्या जबाबावर. पोलीस जबाबाचा उपयोग उलटतपासणीत विसंगती दाखवण्यासाठी होतो: ‘शर्टाचा रंग तुम्ही पोलिसांना सांगितला होता का? सांगितला होता. मग तुमच्या जबाबात तो का नाही?’ ‘कारण सांगता येणार नाही.’ हे शेवटचं वाक्य महाराष्ट्रातल्या साक्षींत इतक्यांदा येतं की ते न वापरणं चूक ठरेल.

कलमं २००४ चीच ठेवा. भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. तुमच्या पात्राच्या तोंडी खुनाचं जुनं कलम ‘तीनशे दोन’च यायला हवं, ‘एकशे तीन’ नाही. पोलीस कोठडी तेव्हा एकूण पंधरा दिवस आणि तीही पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. अशा गुन्ह्यात दोषारोपपत्राची मुदत नव्वद दिवस.

आणि उच्च न्यायालय. तिथे कामकाज इंग्रजीत चालतं, साक्षीदार येत नाहीत, आणि तुरुंगात असलेला आरोपी अपिलाच्या सुनावणीला बहुधा समोर नसतोच. दोन वकील आणि पेपर बुकाची पानं, एवढंच. ज्या दिवशी त्याचं आयुष्य फिरतं त्या दिवशी तो बराकीत असतो.

सहीशिक्का

परवानग्यांबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाप्रमाणे न्यायालयीन रेकॉर्डसारख्या सार्वजनिक दस्तऐवजांवर आधारित लेखनाला संबंधित माणसाची संमती लागत नाही. निकालाचा मजकूर वापरायलाही प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ मुभा देतं, न्यायालयाने मनाई केली नसेल तर. पण ही मुभा रेकॉर्डपुरतीच. त्याचं लग्न, आईचं आजारपण, तुरुंगातली रात्र यातलं काहीही रेकॉर्डवर नाही. तिथे पाऊल ठेवलंत की खासगीपणाचा प्रश्न येतो. म्हणून करार कराच. वितरक आणि ओटीटीवालेही तो मागतात.

करारात मुदत, प्रदेश, भाषा, माध्यम (चित्रपट, मालिका, पुनर्निर्मिती) वेगवेगळं लिहा. त्याने तुरुंगातून लिहिलेली पत्रं किंवा वही वापरणार असाल तर त्यांचा प्रताधिकार वेगळा लेखी घ्या. पत्राचा प्रताधिकार लिहिणाऱ्याचा असतो, ते ज्याच्या कपाटात आहे त्याचा नाही. हस्तांतरणात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं ठरवलं नसेल तर वर्षभरात वापर न केल्यास हक्क परत जातो. पटकथेलाच वर्ष लागतं, म्हणून हे कलम स्पष्टपणे लिहून बाजूला करा. पत्नी, भाऊ, आई यांची पात्रं असतील तर त्यांच्या स्वतंत्र सह्या घ्या, एकाने सगळ्यांच्या वतीने सही करणं पुरेसं नाही. पटकथा वाचून तथ्याच्या चुका सांगायचा हक्क त्याला द्या. नऊ वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांनी त्याचं आयुष्य चालवलं, निदान हा कागद त्याला आधी वाचू द्यावा असं मला मनापासून वाटतं.

खरा गुन्हेगार दाखवू नका, सूचकही नाही. ‘गावातला तो दुसरा’ ओळखू येईल असा रंगवलात तर ज्या गोष्टीविरुद्ध चित्रपट आहे तीच तुम्ही कराल. आणि बदनामीचा गुन्हा आहेच, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मृत व्यक्तीबद्दलही तो लागू शकतो, नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. ‘सर्व पात्रं काल्पनिक’ ही पाटी एकटी वाचवत नाही.

खटल्यात कुठेही लैंगिक अत्याचाराचा भाग असेल तर पीडितेचं नाव, गाव, नातं, काहीही ओळख पटेल असं नको. ती हयात नसली तरीही नको. अल्पवयीन आरोपी किंवा साक्षीदार असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बघा.

काटछाट

लांबीचा प्रश्न राहिला. एक तक्ता करा: तारीख, घटना, आधार (निशाणी क्रमांक किंवा निकालाचा परिच्छेद), आणि शेवटच्या रकान्यात ‘जसंच्या तसं’, ‘संक्षिप्त’ किंवा ‘कल्पित’. प्रत्येक दृश्य यात बसवा. वकिलाकडून पटकथा तपासून घेताना हाच तक्ता लागतो, आणि प्रमाणन मंडळाने (सेन्सॉर बोर्डाने) आधार विचारला तर तोच पुढे करता येतो.

पात्रं एकत्र करताना सांभाळा. दोन वकिलांचा एक, तीन शेजाऱ्यांचा एक, हे चालतं. तीन तपास अधिकाऱ्यांचा एक करू नका. असा खटला बहुधा यामुळे बिघडतो की दुसऱ्याने पहिल्याच्या कागदावर विश्वास ठेवला आणि तिसऱ्याने दुसऱ्याच्या. एकच अधिकारी दाखवलात की तो कट वाटायला लागतो.

वेळेचा हिशेब मी असा मांडेन: अटकेपर्यंत १२ मिनिटं, अटक ते दोषारोपपत्र ३५, सत्र खटला ३५, तुरुंग आणि अपील ३३, सुटका आणि नंतर १५. ‘पाच वर्षांनंतर’ अशा पाट्यांऐवजी तीच जागा पुन्हा पुन्हा दाखवा, म्हणजे मुलाखतीची जाळी, एसटीचा थांबा. अपिलाच्या निकालाआधी त्याला संचित रजा (शिक्षा भोगताना घरी जायला मिळणारी ठराविक दिवसांची सुट्टी, फर्लो) मिळाली असेल तर ते दृश्य जरूर ठेवा. घरी येऊन ठरल्या दिवशी स्वतःच्या पायाने तुरुंगात परत जाणारा निर्दोष माणूस, त्यात संवादही लागत नाही. कच्चा कैदी असताना तो स्वतःच्या कपड्यांत असतो, शिक्षा झाल्यावर तुरुंगाच्या. वेशभूषेने एवढा एक बदल केला तरी काळ सरकल्याचं कळतं.

कोरीपाटी

शेवट निकालाच्या वाचनावर करावा की सुटकेवर? आणि निकालात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द आहेत, ‘निर्दोष’ म्हणणं योग्य ठरेल का?

उलटतपासणी

कायद्याने मुक्तता ती मुक्तताच. पण समारोपाच्या पाटीवर न्यायालयाचे शब्द जसेच्या तसे टाका, त्यात भर घालू नका. आणि ‘सरकारने भरपाई दिली’ असं गृहीत धरू नका. अशा माणसासाठी आपल्याकडे हमखास भरपाईचा कायदा नाही, विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात त्याची शिफारस केली आहे. जालन्याच्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख मिळाले ते सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालातच तसा आदेश दिला म्हणून.

शेवटाबद्दल: निकाल झाला की माणूस लगेच दाराबाहेर येत नाही. आदेश कारागृहात पोचावा लागतो, दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात तो हवा आहे का ते तपासतात, जमा केलेल्या वस्तू नोंदवहीतून परत देतात, आणि संध्याकाळ झाली तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. त्याशिवाय २००९ च्या अखेरीपासून त्याच जुन्या प्रक्रिया संहितेचं कलम ४३७-अ लागू होतं. वरच्या न्यायालयाने बोलावलं तर हजर राहीन, असं जामीनदारासह सहा महिन्यांचं बंधपत्र सुटणाऱ्यालाही द्यावं लागायचं. तुमच्या निकालाच्या शेवटच्या पानावर तसा आदेश आहे का बघा. असेल, तर निर्दोष ठरलेला माणूस आपल्यासाठी जामीन राहणारा शोधतो आहे, हे तुमचं शेवटचं दृश्य आहे.